पप्पा, बॉल नकोसा वाटतो

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या संघांची फुटबॉल मॅच रंगली की गॅलरीतला प्रत्येक कोल्हापूरकर कोच होतो. मोठ्यांच्या मॅचला ते शोभतं. रविवारी सकाळी नऊ-दहा वर्षांच्या पोरांच्या मॅचला मात्र आपला हाच उत्साह मुलांना जाचतो.

बाहेरून सूचना दिल्या की मूल चांगलं खेळतं, हा पालकांमधला सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज. बॉल पायाशी आला की मुलाला क्षणभरात बघायचं असतं: अंगावर कोण येतंय, मोकळी जागा कुठं आहे, आपला गडी कुठं आहे. हे बघून स्वतः ठरवणं, चुकणं, पुन्हा ठरवणं हेच त्या वयाचं शिक्षण. आपण "पास दे!" ओरडलो की पास जातो, पण तो आपण ठरवलेला असतो. कोच सरांनी ड्रिबल करायला सांगितलं असेल, तर पोर दोन हुकमांत अडकतं. माझी लेक दहा वर्षांची असताना मला म्हणाली होती, "पप्पा, तुम्ही आला की मला बॉल नकोसा वाटतो." मी तिला प्रोत्साहनच देतोय, अशी तोवर माझी समजूत होती. इंग्लंडमध्ये तर मुलांच्या फुटबॉलसाठी खास 'मूक' शनिवार-रविवार पाळले गेले आहेत. पालकांनी टाळ्या वाजवायच्या, सूचना द्यायच्या नाहीत.

मोठ्या मैदानावर अकरा-अकरा खेळले तरच खरा फुटबॉल, असंही आपल्याला वाटतं. अमेरिकेत 2017 पासून 8 वर्षांखालच्या संघात 4, 10 वर्षांखाली 7 आणि 12 वर्षांखाली 9 खेळाडू असतात. गडी कमी, म्हणून प्रत्येकाच्या पायाला बॉल जास्त वेळा लागतो.

"अंगानं बारीक आहे, सिलेक्शन हुकलं, आता अभ्यासच बघू दे." हे वाक्य फार घाईचं आहे. एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेलं मूल डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठं असतं. लहान वयात एवढा फरक उंचीत आणि ताकदीत दिसतो, आणि निवडणाऱ्याला तोच गुणवत्ता वाटू शकतो. जेमी वार्डीला 16 व्या वर्षी शेफिल्ड वेन्सडे क्लबनं उंची कमी म्हणून सोडून दिलं. पुढं कारखान्यात काम करत तो छोट्या क्लबांकडून खेळत राहिला आणि 2016 मध्ये लेस्टर सिटीकडून प्रीमियर लीग जिंकला.

बारा महिने रोज सराव हवा, हेही खरं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा: आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी, आणि वर्षातून, महिना-महिना करून, एकूण किमान 3 महिने त्या खेळापासून विश्रांती. टाच दुखते म्हणणारं मूल नाटक करत नसतं. साधारण 8 ते 14 वयात टाचेचं हाड वाढत असतं आणि पोटरीचा ताण नेमका तिथं बसतो. अशा वेळी खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावं.

आणि हरल्यावर लगेच चुका समजावल्या नाहीत तर मूल सुधारणार कसं? मुलाला आपली चूक बहुतेकदा ठाऊक असते. परवा चार गोलांनी हरल्यावर मी लेकीला गाडीवर मागं बसवलं आणि "भूक लागली का?" एवढंच विचारलं. रंकाळ्यापर्यंत ती गप्प होती. भेळ अर्धी झाल्यावर म्हणाली, "पप्पा, दुसरा गोल माझ्यामुळं झाला. मी बॉलच बघत राहिले, मागची पोरगी दिसलीच नाही."