हाड जुळलं का? आवाजाला विचारा!

नाशिकच्या द्वारका चौकात उभं राहिलं की कान किटतात. मुंबई-आग्रा महामार्ग इथलाच, पुण्याचा रस्ताही इथूनच फुटतो, आणि हॉर्न तर विचारूच नका! आपण मात्र आज अशा आवाजाच्या मागे लागणार आहोत, जो तुम्हाला कधीच ऐकू येणार नाही. आपल्या कानाची धाव सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतच. सोनोग्राफीच्या यंत्रातला आवाज सेकंदाला लाखो, कधी कोटीभर वेळा थरथरतो.

द्वारकेवरून सिटीलिंकची बस पकडून नाशिकरोड स्टेशनवर गेलात, तर फलाटावरूनच रुळांकडे बघा. वरून कसे चकचकीत! पण पोलादाच्या पोटात बारीकशी चीर असली तर? ती हुडकायला रेल्वेचे कर्मचारी रुळांवरून एक छोटी गाडी ढकलत नेतात. तिच्यातून असाच न ऐकू येणारा आवाज रुळात शिरतो आणि वाटेत चीर लागली की माघारी फिरतो. १९५५ मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड या डॉक्टरांनी धातूतल्या चिरा शोधणारं कारखान्यातलं यंत्र वापरून चक्क शरीरातून काढलेल्या गाठी तपासल्या! पोटातल्या बाळाची सोनोग्राफी तिथूनच पुढे आली.

मग मोडलेल्या हाडाचं काय? आधी तिथे रक्त साकळतं. काही दिवसांत त्या जागी मऊ भराव तयार होऊ लागतो, त्याला डॉक्टर कॅलस म्हणतात. कानाचा वरचा भाग चिमटीत धरून वाकवा बरं. आत लवचीक कूर्चा लागते ना? सुरुवातीचा भरावही बराचसा तसाच असतो. पुढे त्यात कॅल्शियम साठतं आणि तो कडक होतो.

गंमत अशी, की एक्स-रेला हा मऊ भराव दिसतच नाही! त्यात पुरेसं कॅल्शियम साठलं की मगच तो फिल्मवर उमटतो. त्याला मुलांमध्ये साधारण दोन आठवडे लागतात, मोठ्यांना त्याहून जास्त. तोवर फिल्मवर फट जशीच्या तशी. आत काम जोरात चालू असतं, आणि आपण म्हणतो, 'अजून काहीच नाही!'

आवाजाला मात्र ते आधीच कळतं. डॉक्टर कातडीवर गारेगार जेल लावतात, कारण मध्ये जराशी हवा राहिली तरी आवाज तिथूनच परत फिरतो. मग ते प्रोब, म्हणजे आवाज सोडणारं आणि परतलेला आवाज टिपणारं हातातलं उपकरण, फिरवतात. हाड दोन सेंटिमीटर खोल असेल, तर आवाज जाऊन परत यायला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम २६ भाग लागतात! पडद्यावर हाडाचा पृष्ठभाग पांढऱ्या झळझळीत रेघेसारखा दिसतो आणि खाली काळी सावली पडते. जिथे रेघ तुटली, तिथे हाड मोडलंय. पुढच्या तपासण्यांत त्या फटीवर करडा ढग दिसू लागतो, ढगात पांढरे ठिपके चमकतात, ठिपके वाढत वाढत एकमेकांना भिडतात. नव्या रक्तवाहिन्यांतून वाहणारं रक्तसुद्धा लाल-निळ्या रंगात दाखवता येतं. किरणांचा तर प्रश्नच नाही, म्हणून पुन्हा पुन्हा बघितलं तरी चालतं.

अर्थात आवाज कडक हाडाच्या आरपार बघू शकत नाही. प्लास्टरमधूनही त्याची डाळ शिजत नाही. म्हणून एक्स-रे लागतोच, आणि हाड दाबून 'दुखतंय का?' असं विचारणारे डॉक्टरही लागतातच.

मला सगळ्यात आवडते ती रॉडची गोष्ट. नडगीचं हाड मोडलं की पुष्कळदा हाडाच्या पोकळीत धातूचा रॉड घालतात. सुरुवातीला आवाज फटीतून थेट आत शिरतो आणि रॉड पडद्यावर लख्ख दिसतो. भराव कडक होत गेला, की आवाजाची वाट बंद होते. रॉड असतो तिथेच, पण पडद्यावरून गायब! आणि तो गायब झाला की डॉक्टर खूश.