ताठ सांगाड्याला मिळालेला सांधा

मिनी बाइक म्हणून ओळखली जाणारी गुडघ्याएवढी दुचाकी ही मुळात उणे करत नेलेली गाडी आहे. लोखंडी नळीचा एक सांगाडा, त्यात बसवलेले पाण्याच्या पंपाच्या किंवा मोपेडच्या आकाराचे इंजिन, दोन लहान चाके आणि एक गादी एवढ्यावर ती उभी राहते, आणि मोठ्या मोटारसायकलीतले जे जे काही वगळता येईल ते ते तिच्यातून वगळलेले असते. या वगळण्यात सर्वांत आधी बळी जातो तो निलंबनाचा, म्हणजे चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये राहून रस्त्याचा धक्का वाटेतच जिरवणाऱ्या व्यवस्थेचा, जिला गॅरेजच्या बोलीत सरसकट ‘शॉकअप’ असे म्हटले जाते. होंडा कंपनीने १९६१ साली जपानमधील तामा टेक या करमणूक उद्यानासाठी तयार केलेल्या आणि पुढे ‘मंकी’ या नावाने जगभर पोहोचलेल्या छोट्या गाडीला ना पुढे स्प्रिंग होती ना मागे. विक्रीसाठी आलेल्या तिच्या आरंभीच्या रूपातही ही उणीव कायम होती, पुढच्या चाकाला निलंबन मिळायला साठीचे दशक सरत आले आणि मागच्या चाकाला ते मिळायला १९७४ साल उजाडले. जे काम करायला एका मोठ्या कारखान्याला तेरा वर्षे लागली, तेच काम घरच्या घरी, भंगारातल्या सामानातून करू पाहणाऱ्या कारागिराची अडचण नेमकी कोठे असते, हा या लेखाचा विषय आहे.

अशा प्रयोगासाठी नाशिक हे अत्यंत सोयीचे शहर आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सातपूर आणि अंबड या दोन वसाहतींमुळे या शहरात लेथ, वेल्डिंग आणि फिटिंगची लहान-मोठी दुकाने गल्लोगल्ली दिसतात, आणि सातपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या टर्नर-फिटरांमुळे मिलिमीटरच्या भाषेत बोलणारी माणसे येथे दुर्मीळ नाहीत. विशेष म्हणजे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडिया या कंपनीचा एक कारखाना अंबड वसाहतीत असून तेथे दुचाकी आणि तीनचाकी वाहनांसाठी शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि पुढचे फोर्क बनतात. याचा अर्थ असा की घरगुती कारागीर ज्या वस्तूची नक्कल भंगारातून साधू पाहतो, तिचे रीतसर उत्पादन त्याच्याच शहरात होत असते. अंबड लिंक रोडवरचा जुना भंगार बाजार महापालिकेने २०१७ च्या आरंभी हटवला, पण जुन्या स्कूटरचे सुटे भाग शोधणाऱ्याला वाट सापडत नाही अशी स्थिती आजही नाही. धक्का जिरवण्याच्या शास्त्राचे सर्वांत अवघड रूप पाहायचे असेल तर तेही जिल्ह्याबाहेर शोधावे लागत नाही, कारण १९६४ साली मिग-२१ विमानांसाठी उभारलेल्या ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात जुळणी होणाऱ्या लढाऊ विमानांच्या पायांतही दाबलेला वायू स्प्रिंगचे आणि बारीक छिद्रांतून ढकलले जाणारे तेल आवर घालण्याचे काम करते.

निलंबनाची गरज लहान चाकाला मोठ्या चाकापेक्षा अधिक असते, ही गोष्ट भूमितीनेच सिद्ध होते. रस्त्यात ५० मिलिमीटर उंचीचा दगड आला असता सुमारे ६०० मिलिमीटर व्यासाचे साध्या मोटारसायकलीचे चाक त्याला अशा ठिकाणी स्पर्श करते की चाकाच्या दृष्टीने तो जवळजवळ ३४ अंशांचा चढ ठरतो. तोच दगड २५० मिलिमीटर व्यासाच्या मिनी बाइकच्या चाकाला मात्र ५३ अंशांचा, म्हणजे भिंतीकडे झुकलेला चढ वाटतो. कमी हवेचे फुगीर टायर या धक्क्याचा काही भाग गिळतात आणि त्यांच्या भरवशावरच ही गाडी विकली जाते, परंतु टायर हा चेंडूसारखा असतो, म्हणजे तो जेवढे गिळतो त्यातले बरेचसे लगेच परत फेकतो. उरलेला धक्का स्वाराच्या मणक्यात जातो, आणि सह्याद्रीच्या बेसाल्ट खडीने व मुरमाने बांधलेल्या शेतरस्त्यांवर तो पुरेपूर जाणवतो.

मागच्या चाकाला निलंबन द्यायचे म्हणजे सांगाड्याचा मागचा भाग कापून त्याजागी एका टोकाला खिळीवर फिरणारा आणि दुसऱ्या टोकाला चाक धरणारा हलता ‘चिमटा’ बसवायचा आणि तो चिमटा व सांगाडा यांच्यामध्ये शॉकअप उभा करायचा. लष्कराच्या मागणीमुळे भारतात रुजलेल्या बुलेटने १९४९ पासून हीच रचना वापरली, त्यामुळे तिच्यात नवे असे काही नाही. तरीही नवशिक्या कारागिराचे सगळे लक्ष शॉकअपच्या निवडीवर खिळलेले असते आणि तो कोठे टेकवायचा हा प्रश्न तो शेवटी, उरलेल्या जागेच्या सोयीने सोडवतो. घरगुती निलंबनांतली बहुतेक अपयशे या एका उलट्या क्रमातून जन्मतात. एक साधा हिशेब पुरेसा आहे. चिमट्याची लांबी ४०० मिलिमीटर आहे, चाकाला वरखाली होण्यास ८० मिलिमीटर वाव आहे, मागच्या चाकावर ६० किलो भार येतो आणि स्प्रिंग एक मिलिमीटर दबण्यास ३ किलो मागते, असे समजू. शॉकअप चिमट्याच्या मधोमध सरळ उभा केला तर तरफेचा नियम दोनदा लागू होतो, एकदा बलाला आणि एकदा अंतराला, त्यामुळे चाकाशी जाणवणारा स्प्रिंगचा ताठरपणा निम्मा न होता चौथा हिस्सा, म्हणजे पाऊण किलो उरतो. स्वार नुसता बसताच चाक ८० मिलिमीटर वर जाते आणि खड्डा येण्यापूर्वीच सगळा वाव संपतो. तोच शॉकअप खिळीपासून ३६० मिलिमीटरवर, चाकाच्या आसाजवळ नेला तर चाकाशी सुमारे २.४ किलोचा ताठरपणा मिळतो आणि बसल्यावरची बैठक २५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे वावाच्या जेमतेम तिसऱ्या हिस्स्यावर येते, जी सर्वसाधारणपणे योग्य मानली जाते. शॉकअप ४५ अंशांनी कलता ठेवल्यास हा ताठरपणा पुन्हा निम्म्यावर येतो; दिसायला ऐटदार म्हणून आडवे केलेले शॉकअप गादी का बुडवतात, याचे उत्तर यात आहे.

स्प्रिंग ही या जोडीतली अर्धीच बाजू होय. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवते आणि परत देते, तर तिच्या पोटातल्या नळीतला दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलून त्या ऊर्जेची उष्णता करतो. या दुसऱ्या क्रियेला अवमंदन म्हणतात. तेल गळून गेलेला शॉकअप बाहेरून धडधाकट दिसतो, पण गाडीला बसवल्यावर ती एका खड्ड्यानंतर तीन-चार वेळा उसळत राहते, आणि अशी उसळणारी गाडी ताठ गाडीपेक्षा धोकादायक असते, कारण उसळीच्या क्षणी चाक जमीन सोडते. भंगारातून घेतलेला शॉकअप हाताने दाबून सोडला असता तो सावकाश परतला तरच घ्यावा, झटकन उसळला तर ठेवून द्यावा, ही परीक्षा कोणत्याही यंत्राविना करता येते.

याहून कमी चर्चिला जाणारा भाग खिळीचा. ताठ सांगाड्यात चाकाचा भार अनेक नळ्यांतून वाटला जातो. चिमटा बसताच तोच भार खिळी आणि शॉकअपचे वरचे टोक अशा मोजक्या ठिकाणी एकवटतो, आणि दोन मिलिमीटर जाडीच्या नळीवर नुसता कान वेल्ड केला असेल तर तो काही दिवसांत नळीचा तुकडा घेऊनच बाहेर येतो. म्हणून तेथे तिकोनी पट्टीचा आधार द्यावा लागतो. खिळीसाठी नुसता बोल्ट छिद्रात घालून भागत नाही. लेथवर कातलेला गनमेटलचा बुश, त्याला ग्रीसची वाट आणि दोन्ही बुशांमध्ये शक्य तितके अंतर असेल तरच वळणावर चिमटा पिळत नाही. सातपूर-अंबडमधल्या एखाद्या लेथवाल्याच्या दृष्टीने हे तासाभराचे काम असते, आणि घरगुती गाडीत नेमके तेच टाळले जाते.

साखळीचा पेच खिळीच्या जागेतून उद्भवतो. चिमटा वरखाली होताना पुढचे दातेरी चक्र आणि मागचे चाक यांतले अंतर बदलते, त्यामुळे साखळी कधी ताणली जाते तर कधी लोंबते. खिळी पुढच्या चक्राच्या जितकी जवळ असेल तितका हा फरक कमी होतो. व्हेस्पा आणि बजाज चेतक यांसारख्या स्कूटरांनी हा प्रश्न मुळातच निकालात काढला, कारण तेथे इंजिनच चाकासह चिमट्यासारखे हलते. जुन्या स्कूटरचा असा अखंड मागचा भाग छोट्या सांगाड्याला जोडणे हा वजनदार खरा, पण सर्वांत शहाणपणाचा मार्ग ठरतो.

पुढच्या चाकाची गोष्ट वेगळी. तेलाचे अवमंदन असलेला दुर्बिणीसारखा सरकणारा फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये बाजारात आणला, तो एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या काटेकोर मापावर उभा असल्याने घरी बनत नाही. आखूड दांडीवर चाक झुलवणारी स्कूटरची रचना मात्र बनते, फक्त गाडीची पुढची उंची बदलली की हँडलचा कल आणि त्याबरोबर सरळ चालण्याची प्रवृत्तीही बदलते, हे आधी मोजून घ्यावे लागते.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगता येते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार चारपेक्षा कमी चाकांचे आणि २५ घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाचे वाहन मोटार वाहनाच्या व्याख्येबाहेर राहते. त्यापुढच्या इंजिनाची घरगुती गाडी नोंदणीवाचून सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, आणि नोंदणी झालेल्या गाडीत मूळ रचनेविरुद्ध फेरफार करण्यास कलम ५२ मनाई करते. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातून बनवलेल्या लहान चारचाकीचे देशभर कौतुक झाले, तेव्हाही ती नियमांत बसत नाही हे उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी स्पष्ट केले होते आणि २०२२ च्या आरंभी त्या बदल्यात नवी बोलेरो दिली होती. त्यामुळे २५ घन सेंटिमीटरपुढच्या इंजिनाच्या नाशिकच्या मिनी बाइकला शेताचा बांध, द्राक्षबागेतली वाट किंवा खाजगी मैदान एवढीच जागा उरते. तेथे पहिल्या फेरीपूर्वी शॉकअपच्या दांड्यावर एक रबरी कडे सरकवून ठेवतात, आणि फेरी संपल्यावर ते कोठवर ढकलले गेले आहे ते पाहून शॉकअपची जागा पुन्हा ठरवतात.