अर्ध्या घराची वीज जाते तेव्हा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरातील काही दिवे लागतात आणि काही लागत नाहीत, पंखा फिरतो पण फ्रिज बंद राहतो, किंवा सगळी उपकरणे चालू दिसूनही त्यांच्यात जोर नसतो, अशी स्थिती संपूर्ण अंधारापेक्षा अधिक फसवी असते. वीज पूर्ण गेली तर बहुधा वाट पाहण्याखेरीज काही करायचे नसते. अर्धवट गेलेली वीज मात्र माणसाला काहीतरी करायला भाग पाडते, आणि चुकीच्या समजुतीतून झालेली कृती उपकरणे जाळू शकते, प्रसंगी जीवही घेऊ शकते. या समजुतींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच कल्पना असते, ती म्हणजे वीज तारेतून घरात येते आणि उपकरणात संपते. वस्तुतः फेजची तार, उपकरण आणि परतीची न्यूट्रलची तार यांचे मिळून होणारे मंडल पूर्ण असेल तरच प्रवाह वाहतो. त्यामुळे बिघाड शोधताना येण्याच्या वाटेइतकेच लक्ष परतीच्या वाटेकडेही द्यावे लागते.

अशा वेळी सर्वांत आधी ऐकू येणारे निदान म्हणजे 'एक फेज गेला'. ते कधी खरे असू शकते हे समजण्यासाठी वीज घरापर्यंत कशी पोहोचते हे पाहावे लागते. महाराष्ट्रात वस्तीपर्यंत साधारणतः ११ हजार व्होल्टची वाहिनी येते, रोहित्र म्हणजे बोलीतील 'डीपी' तो दाब उतरवते, आणि तेथून तीन फेज व एक न्यूट्रल अशा चार तारा निघतात. कोणत्याही फेजमध्ये आणि न्यूट्रलमध्ये सुमारे २३० व्होल्ट, तर दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट दाब असतो. बहुसंख्य घरांची जोडणी सिंगल फेज असते, म्हणजे त्या घरात तीनपैकी एकच फेज येतो. असा एकमेव फेज गेला तर सगळे घर अंधारात जाईल, अर्धे जाणार नाही. म्हणून सिंगल फेज घरात स्वयंपाकघर बंद आणि दिवाणखाना व्यवस्थित चालू असेल, तर दोष बहुधा मीटरच्या पुढे, घराच्याच वायरिंगमध्ये असतो. थ्री फेज जोडणीच्या घरात मात्र एक फेज जाऊन त्यावरच्या खोल्या बंद पडणे सहज शक्य आहे. परदेशी व्हिडिओंतून मिळणारे सल्ले येथे घोळ वाढवतात, कारण अमेरिकेतील घरांना १२० व्होल्टच्या दोन वाहिन्या दिलेल्या असतात आणि त्यांपैकी एक गेली की खरोखरच अर्धे घर बंद पडते. तेथील मराठी कुटुंबांना तो सल्ला लागू आहे, पुण्या-नाशिकच्या सिंगल फेज सदनिकेला नाही.

याच रचनेमुळे आणखी एक समजूत चुकीची ठरते. शेजारच्या घरात दिवे आहेत, त्या अर्थी बिघाड आपल्याच घरात आहे, असे मानले जाते. परंतु एकाच मजल्यावरील दोन सदनिका दोन वेगळ्या फेजवर असू शकतात, आणि डीपीतील एका फेजचा फ्यूज उडाल्यास इमारतीतील काही घरे अंधारात आणि काही प्रकाशात राहतात. एका शेजाऱ्याकडे पाहून निष्कर्ष काढण्याऐवजी चार-पाच घरे पाहिली तर चित्र पुष्कळ स्पष्ट होते.

इन्व्हर्टर असलेल्या घरात तर मूळ प्रश्नच अनेकदा चुकीचा असतो. इन्व्हर्टरवर सामान्यतः दिवे, पंखे आणि एखाददुसरा प्लग जोडलेला असतो. गिझर, फ्रिज, एसी त्यावर नसतात. बाहेरची वीज पूर्ण गेली तरी अशा घरात दिवे चालू राहतात, आणि त्यामुळे फक्त मोठी उपकरणे बिघडली असे वाटते. याउलट बाहेरची वीज व्यवस्थित असताना केवळ दिवे-पंखेच बंद पडले, तर इन्व्हर्टर किंवा त्याच्याकडे जाणारा एमसीबी यांच्याकडे आधी पाहणे योग्य.

आता टेस्टरविषयी. मुठीत मावणारा निऑन टेस्टर लागला की वीज आहे, ही खात्री घराघरांत इतकी पक्की आहे की तिच्यामुळे तासन्‌तास वाया जातात. टेस्टरमधील निऑन दिव्यासोबत फार मोठा रोध जोडलेला असतो आणि माणसाच्या शरीरातून अत्यल्प प्रवाह जाऊन तो उजळतो; म्हणून तो २३० व्होल्टवर लागतो तसा १२० व्होल्टवरही लागतो, आणि जळून काजळी धरलेल्या, कोणतेही उपकरण चालवू न शकणाऱ्या जोडातून आलेल्या तारेवरही लागतो. तारेवर जमिनीच्या तुलनेत काही दाब आहे, एवढेच तो सांगतो. ती तार भार पेलू शकेल का आणि परतीची वाट शाबूत आहे का, हे तो सांगू शकत नाही. तो न लागणे हाही सुरक्षिततेचा पुरावा नव्हे, कारण कोरड्या लाकडी स्टुलावर किंवा जाड रबरी चपलांत उभे राहिल्यास तो इतका मंद लागतो की दिवसाउजेडी दिसतही नाही. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये जोडलेला टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरला दोन तारा काढून केलेला साधा दिवा, जाणकाराच्या हाती टेस्टरपेक्षा कितीतरी अधिक माहिती देतो.

टेस्टरमुळेच न्यूट्रलच्या बिघाडाचे निदान हमखास चुकते. प्लगच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर लागतो आणि तरीही काहीच चालत नाही, तेव्हा 'दोन फेज आले' असे म्हटले जाते. बहुतेक वेळा घडलेले असते ते असे, की त्या भागाची न्यूट्रल तार कोठेतरी तुटलेली असते आणि कुठल्यातरी चालू ठेवलेल्या दिव्यातून किंवा पंख्यातून फेजचा दाब तुटलेल्या न्यूट्रलपर्यंत पोहोचलेला असतो. अशा वेळी काळी तार न्यूट्रलची आहे, तिला हात लावायला हरकत नाही, हा समज प्राणघातक ठरतो. जुन्या वाड्यांत आणि चाळींत फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांवर किटकॅट फ्यूज बसवलेले आढळतात. त्यातला न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घर बंद पडलेले दिसते, पण सर्व वायरिंग जिवंत असते. न्यूट्रलवर स्वतंत्र फ्यूज किंवा एकेरी स्विच नसावा, हा दंडक १९५६च्या भारतीय वीज नियमांतही होता, आणि जेथे असे फ्यूज अजून आहेत तेथे ते काढून घेणे टाळू नये.

न्यूट्रल घराबाहेर, खांबावर किंवा इमारतीच्या मुख्य पॅनेलमध्ये तुटला, तर धोका आणखी वेगळ्या प्रकारचा असतो. तेव्हा वेगवेगळ्या फेजवरील घरे दोन फेजमधील ४०० व्होल्टांवर जणू एकापुढे एक जोडली जातात आणि दाबाची वाटणी त्यांच्या भारानुसार होते. समजण्यापुरती दोनच घरे धरली आणि एकात २००० वॉटचा गिझर, तर दुसऱ्यात २०० वॉटचे दिवे चालू आहेत असे मानले, तर गिझरच्या वाट्याला सुमारे ३६ व्होल्ट आणि दिव्यांच्या वाट्याला सुमारे ३६४ व्होल्ट येतील. कमी वीज वापरणाऱ्याचीच उपकरणे जळतात, आणि 'आम्ही तर काहीच लावले नव्हते' ही तक्रार म्हणूनच खरी असते. काही दिवे एकाएकी प्रखर आणि काही मंद झाले, किंवा एक उपकरण सुरू करताच दुसऱ्याचा वेग बदलला, तर कारण शोधत न बसता मेन स्विच ताबडतोब बंद करावा.

दाब कमी झाल्याचे लक्षणही आता पूर्वीसारखे डोळ्यांना दिसत नाही. पिवळ्या प्रकाशाचा जुना बल्ब दाब उतरताच मंद होई आणि घरातल्या सर्वांना ते कळे. आजचे अनेक एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर मात्र १०० व्होल्टच्या आसपासही सुरळीत चालतात. त्यामुळे दिवे ठीक आहेत म्हणून दाब ठीक आहे, असे मानले जाते आणि दोष फ्रिजवर ढकलला जातो. ११ हजार व्होल्टच्या बाजूचा एक फेज तुटला, तर रोहित्राच्या जोडणीच्या पद्धतीमुळे अलीकडच्या तीन फेजपैकी एकावर पूर्ण आणि उरलेल्या दोहोंवर साधारण निम्मा दाब मिळतो. निम्म्या दाबावर गिझर एक चतुर्थांश शक्तीनेच तापतो, कारण शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. फ्रिजचा कॉम्प्रेसर तर सुरूच होऊ शकत नाही, उलट अडकलेल्या अवस्थेत नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढून तापतो. पंखा मंद आणि फ्रिजमधून थांबून थांबून 'टक्' असा आवाज, ही जोडी दिसली की फ्रिज, पाण्याचा पंप आणि एसी आधी बंद करावेत.

एमसीबीविषयीचे गैरसमज त्या मानाने साधे आहेत. दांडी वर दिसते म्हणजे एमसीबी चालू आहे, असे नेहमीच नसते, कारण ट्रिप झालेल्या काहींची दांडी मधेच थांबते आणि ती पूर्ण खाली आणून मगच वर करावी लागते. दांडी वर करताच पुन्हा पडली तर शॉर्ट सर्किटचा, आणि काही मिनिटांनी पडली तर जादा भाराचा संशय घ्यावा. वारंवार पडतो म्हणून जास्त अँपिअरचा एमसीबी बसवणे ही मात्र गंभीर चूक आहे, कारण एमसीबी मुख्यतः भिंतीतल्या तारेला जपतो आणि दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला, तर आधी तार जळते. आरसीसीबीचे काम वेगळे आहे. जाणारा व परतणारा प्रवाह यांत फरक पडला, घरगुती प्रकारात साधारणतः ३० मिलिअँपिअर, की तो त्याच्यामागचा सगळा विभाग तोडतो. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत किंवा गिझरचे चिरलेले कॉइल याला पुरेसे असते. सगळे एमसीबी पाडूनही आरसीसीबी टिकत नसेल तर तोच खराब आहे, असे समजू नये. एकेरी एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, त्यामुळे न्यूट्रल आणि अर्थिंग यांचा कोठे स्पर्श झाला असल्यास दोष तसाच राहतो. उपकरणांच्या पिना प्रत्यक्ष काढून पाहाव्या लागतात.

बोर्डावर थाप मारली की दिवे परत लागतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे आणि तो निश्चिंत होण्याचे कारण मानला जातो. खरे तर घरातील प्लग पुष्कळदा एका बोर्डातून दुसऱ्यात अशा क्रमाने जोडलेले असतात आणि मधला एक स्क्रू सैल झाला की पुढचे सर्व बंद पडतात. २००० वॉटचा गिझर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या वाटेतील सैल जोडाचा रोध केवळ एक ओहम असला, तरी त्या एका स्क्रूवर सुमारे ८० वॉट उष्णता निर्माण होते, आणि दाब मात्र जेमतेम ९ व्होल्टने उतरल्यामुळे वरवर सर्व ठीक दिसते. ॲल्युमिनियमच्या सर्व्हिस वायरचे जोड तर काळाने सैल पडतात आणि त्यांच्यावर प्रवाहाला अडवणारा ऑक्साइडचा थर चढतो. जळका वास, पिवळा-तपकिरी पडलेला प्लग, किंवा स्विचमधील चरचर, यांपैकी काहीही आढळल्यास तो विभाग दुरुस्त होईपर्यंत बंदच राहिला पाहिजे.

थ्री फेज घरांत गेलेल्या फेजचा भार चेंजओव्हर स्विचने दुसऱ्या फेजवर टाकण्याची सोय असते. ती दिवे-पंख्यांपुरती वापरण्यास हरकत नाही. पण सगळी इमारत एकाच वेळी तसे करते तेव्हा उरलेल्या फेजचा फ्यूजही उडतो. खांबावर किंवा डीपीत स्वतः किटकॅट बदलणे, मीटरचे सील उघडणे, ही कामे ग्राहकाने कोणत्याही परिस्थितीत करू नयेत. मीटरपर्यंतची दुरुस्ती वीज कंपनीची आणि पुढची परवानाधारक वायरमनची असते. १९१२ या क्रमांकावर तक्रार देताना केवळ 'लाईट नाही' असे न सांगता, दाब कमी आहे, इमारतीतील ठरावीक घरेच बंद आहेत, किंवा दिवे प्रखर-मंद होत आहेत, यांपैकी नेमके काय घडते आहे ते बिलावरील ग्राहक क्रमांकासह सांगावे, कारण त्यावरून फ्यूजची, ११ हजार व्होल्टच्या वाहिनीची की न्यूट्रलची तपासणी करायची हे ठरते, आणि न्यूट्रल तुटल्याचा संशय स्पष्ट सांगितल्यास ती तक्रार तातडीची असल्याचे घेणाऱ्यालाही कळते.