फी माफ झाली, पगाराचं काय?

मे महिन्यात बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. "दाजी, पोरगं बारावी झालंय. बघा की काहीतरी तुमच्याकडं."

तुमच्याकडं म्हणजे बेंगळुरूला. चिकपेटेला लागून नगर्तपेटेच्या गल्ल्या आहेत, तिथं आमची सोनं-चांदी आटवायची दुकानं. दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. एका कोपऱ्यात भट्टी, दुसऱ्यात ऍसिडचे कॅन, दारापाशी काचेच्या पेटीतला काटा आणि वर माळ्यावर पोरांच्या वळकट्या. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यात पाऊस कधी धड पडला नाही, म्हणून तिथली माणसं हा आटणीचा, म्हणजे गलाईचा धंदा शिकून देशभरच्या सराफ बाजारांत पांगली. मीही त्यांतलाच. बारावीनंतर आलो, मग सायंकालीन कॉलेजात बी.कॉम. केलं. तेव्हा मालक मामाच होता म्हणून ते जमलं.

फोनवर मी हल्ली विचारतो, "कॉलेजला का घालत नाही? आता फी माफ झालीय ना बऱ्याच ठिकाणी?" पलीकडून ठरलेलं उत्तर येतं. "फीचं नव्हं ओ. घरी पैसं कोण लावून देणार?"

'बारावीनंतर सगळ्यांना कॉलेज फुकट करा' ही मागणी आता सगळीकडून ऐकू येते. मी तिच्या बाजूचाच आहे. पण वर्तमानपत्रांतली चर्चा फीपाशीच घुटमळते, आणि आमच्या गल्लीत पोरं अडतात ती फीवर नाही. म्हणून हा प्रपंच.

आधी सरकारनं काय काय दिलंय ते पाहू. दोन राज्यांत नातीगोती असल्यामुळं दोन्हीकडचं मला माहीत आहे. कर्नाटकात २०१८ च्या अर्थसंकल्पात सरकारी संस्थांतल्या मुलींची पी.यू.सी.पासून पदव्युत्तरपर्यंतची फी माफ करण्याची घोषणा झाली. पी.यू.सी. म्हणजे आपली अकरावी-बारावी. महाराष्ट्रानं ८ जुलै २०२४ ला शासन निर्णय काढला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. आधी ही सवलत निम्मी होती. विनाअनुदानित कॉलेजंही त्यात आली, फक्त खासगी अभिमत विद्यापीठं आणि खासगी विद्यापीठं वगळली. माझी भाची सांगलीकडं इंजिनिअरिंगला आहे, तिला याचा सरळ फायदा झाला. माझ्या मेव्हण्याचं हेलपाट्यांचं वर्ष वाचलं, आणि एक म्हैस विकायची वाचली असंही तो म्हणतो.

माझ्या मुलीला मात्र महाराष्ट्राच्या योजनेचा उपयोग शून्य. ती इथंच जन्मली, इथंच शिकली. पहिली ते बारावी यांतली सात वर्षं कर्नाटकात शिकलेल्या आणि बारावी इथूनच झालेल्या मुलांना इथल्या सीईटीला बसता येतं, तशी ती बसली. पण सवलतीचा अर्ज भरायचा तर उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कचेरीतून, काढावा लागतो. त्या दाखल्यावर आरडी नंबर असतो. तो शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर टाकल्याशिवाय गाडी पुढं सरकत नाही. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या ३ बी गटात मोडतो, पण माझा दाखला विट्याचा, म्हणजे परराज्यातला. तो इथं चालत नाही. एका कचेरीनं आम्हाला वडिलांचा इथला पुरावा आणा म्हणून परत पाठवलं. माझे वडील आयुष्यभर बाजरी पेरत होते, त्यांचा बेंगळुरूचा पुरावा कुठून आणू? आमच्याच गल्लीतल्या भावसार आणि नामदेव शिंप्यांचं तसं नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या इथले, त्यांची नावं इथल्या यादीत आहेत, त्यांचे दाखले निघतात. मराठी बोलणारी दोन घरं, भिंतीला भिंत लागून, आणि एकाला फुकट शिक्षणाचं दार उघडं, दुसऱ्याला अर्धवटच. इंजिनिअरिंगच्या प्रत्येक शाखेत पाच टक्के जादा जागा आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलांसाठी असतात, त्यांना शिक्षण शुल्क पडत नाही. इथं त्याला 'एसएनक्यू' म्हणतात. त्याला जात लागत नाही, उत्पन्न लागतं. हे आमच्या लोकांतल्या कितीजणांना ठाऊक आहे? मला मुलीच्या प्रवेशाच्या वेळी कळलं.

हा सगळा सवलतींचा गुंता का झाला, ते समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागतं. आपल्या घटनेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, पण तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता. २००२ च्या घटनादुरुस्तीनं तो आला आणि १ एप्रिल २०१० पासून कायदा लागू झाला. चौदानंतर काय, हा प्रश्न त्याच्याही आधी न्यायालयात गेला होता, आणि तो कर्नाटकातूनच. मेरठची मोहिनी जैन नावाची मुलगी तुमकूरच्या खासगी मेडिकल कॉलेजात प्रवेश मागत होती. तेव्हा कर्नाटकात सरकारी कोट्याला वर्षाला दोन हजार, इतर कन्नडिगांना पंचवीस हजार आणि बाहेरच्यांना साठ हजार रुपये असा दर सरकारनंच ठरवून दिला होता. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की शिक्षणाचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असली कॅपिटेशन फी चालायची नाही. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात न्यायालयानं तो हक्क चौदा वर्षांपर्यंत आवळला आणि व्यावसायिक कॉलेजांत निम्म्या जागा 'फ्री सीट', निम्म्या 'पेमेंट सीट' अशी वाटणी लावून दिली. पैसेवाल्यांच्या फीतून गुणवंतांचं शिक्षण, असा तो हिशेब. २००२ मध्ये मणिपालच्या टी.एम.ए. पै फाउंडेशनच्या खटल्यात तीही वाटणी मोडीत निघाली. इथले जुने लोक अजून विचारतात, "फ्री सीट मिळाली का?" फ्री सीट कधीच गेली.

महाराष्ट्रातली गोष्ट वेगळ्या वळणानं गेली, आणि आम्हा सांगली-साताऱ्याकडच्यांना ती घरचीच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. पोरांनी शेतात, बांधकामावर राबायचं आणि त्यावर जेवण, राहणं, शिक्षण. विट्याचं बळवंत कॉलेज त्याच रयत शिक्षण संस्थेचं. पुढं यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांना फीमाफी मिळाली. तीच ती ईबीसी सवलत. आमच्या गावात पहिल्यांदा बी.ए. झालेली माणसं बहुतेक ईबीसीवालीच. आणि १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं तेही आमच्याच जिल्ह्याच्या वसंतदादांनी. कॉलेजं गावोगाव झाली हे खरं, फी सातबारा गहाण ठेवण्याइतकी वाढली हेही खरं.

आता मूळ मुद्द्याकडं येतो. हिशेब माझ्या दुकानातला आहे.

नवीन पोराला मी पहिल्या वर्षी जेवून-राहून महिन्याला बारा हजार देतो. काम शिकला, म्हणजे मुशीत माल टाकून टाकणखार किती घालायचा, रस कधी ओतायचा, लगडी टंचाला, म्हणजे शुद्धतेला कशी उतरते हे त्याच्या हाताला कळलं, की पंधरा-सोळा. म्हणजे तीन वर्षांच्या बी.कॉम.च्या काळात तो साधारण पाच लाख रुपये घरी पाठवू शकतो. सरकारी डिग्री कॉलेजातली मुलांची फी वर्षाला काही हजारांत भागते. ती माफ केली तरी पाच लाखांच्या खड्ड्यात मूठभर माती पडल्यासारखं. त्यात कॉलेजात घातलं तर राहायचं कुठं? मजेस्टिकच्या आसपास पीजीत एका कॉटचे सात हजार मागतात. दुकानाच्या माळ्यावर तो फुकट झोपतो, पण कॉलेजात गेला तर माळा कशाला देईल कोण?

बापाच्या डोक्यात हा हिशेब पक्का असतो. त्याला अडाणी म्हणणारे फीपलीकडं काही बघतच नाहीत.

हे तमिळनाडूला आपल्याआधी उमगलं असं माझं मत आहे. सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकून कॉलेजात गेलेल्या मुलींना तिथं सप्टेंबर २०२२ पासून महिन्याला एक हजार रुपये थेट खात्यात मिळतात. योजनेचं नाव पुदुमै पेण. ऑगस्ट २०२४ पासून मुलांनाही तसेच हजार सुरू झाले. हजार रुपये काही पगार नव्हे. पण घरी 'पोरगं महिन्याला काहीतरी आणतंय' असं झालं की बापाचा सूर बदलतो. होसूरच्या पलीकडचे कारागीर आमच्याकडं येतात, त्यांच्या तोंडून हे ऐकलंय.

कर्नाटकाची तऱ्हा मात्र उलटी. इथं १२ जानेवारी २०२४ ला शिवमोग्ग्यात युवानिधी योजना सुरू झाली. डिग्री झाल्यावर सहा महिने नोकरी मिळाली नाही, तर महिन्याला तीन हजार, जास्तीत जास्त दोन वर्षं. शिकत असताना नाही, शिकून बेकार राहिल्यावर. माझ्या बी.कॉम.च्या अकलेला हे पटत नाही. तेच पैसे आधी द्या की! न्यायानं बोलायचं तर इथं मागासवर्गीय विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळालं नाही तर विद्यासिरी योजनेत दहा महिने दरमहा भत्ता मिळतो, आणि जून २०२३ पासून मुलींना सरकारी बस फुकट आहे. माझी मुलगी त्या बसनंच जाते. अझीम प्रेमजी फाउंडेशननंही २०२५ पासून सरकारी शाळांतून दहावी-बारावी झालेल्या मुलींना पदवी होईपर्यंत वर्षाला तीस हजार द्यायला सुरुवात केली. पण या यादीत मुलं जवळजवळ कुठंच नाहीत, आणि आमच्या माळ्यावर वळकट्या आहेत त्या सगळ्या मुलांच्याच.

फुकट कॉलेज परवडतं का, असा प्रश्न नेहमी येतो. जर्मनीत काही प्रांतांनी २००६-०७ च्या सुमारास फी बसवली आणि २०१४ पर्यंत सगळ्यांनी ती काढूनही टाकली. उलट न्यूयॉर्कचं सिटी कॉलेज १८४७ पासून फुकट होतं, शहर कर्जात बुडालं तेव्हा १९७६ ला फी लागली. चिलीनं २०१६ मध्ये गरीब घरांपासून सुरुवात केली. म्हणजे तिजोरीसोबत निर्धारही लागतो, आणि तो ढळतोही. श्रीमंतांच्या पोरांना का फुकट, असं आमच्या गल्लीतले काही शेठ स्वतःच विचारतात. सरकारी डिग्री कॉलेजापुरतं तरी मी म्हणेन, सरसकट सगळ्यांना फुकट करा. तिथली फी इतकी कमी की ती माफ करायला दाखले, पोर्टल, पडताळणी यांत पोरांचे आणि कारकुनांचे जे दिवस जातात त्यांची किंमत जास्त. शेठची पोरं तशीही तिथं येत नाहीत. फीमाफीच्या छाननीत वाचलेला पैसा महिन्याच्या भत्त्यात आणि वसतिगृहांत घाला. इंजिनिअरिंग-मेडिकलचं वेगळं, तिथं उत्पन्न बघावंच लागेल.

"गलाईला डिग्री कशाला?" असंही मला ऐकवतात. धंदा आता भट्टीचा कमी आणि कागदाचा जास्त झालाय. २०१७ ला जीएसटी आला, २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, प्रत्येक दागिन्यावर एचयूआयडी नंबर आला. टंच काढायचं मशीन रिपोर्ट देतं तो इंग्रजीत. ज्या पोराला तो वाचता येतो तो पुढं स्वतःचं दुकान टाकतो. ज्याला येत नाही त्याची छाती चाळिशीत ऍसिडच्या वाफेनं भरते, आणि तो तेव्हाही दुसऱ्याच्याच भट्टीपुढं असतो.

म्हणून पालकांना सांगणं एवढंच, की निकालाची वाट न बघता उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, कर्नाटकात असाल तर आरडी नंबरासकट. जून उजाडला की रांगा लागतात. अव्हेन्यू रोडवर जुनी पुस्तकं निम्म्या किमतीत मिळतात, नवी घेऊ नका. आणि माझ्या गलाई बांधवांना हात जोडून विनंती. सकाळी अकराच्या आत आपल्याकडं कारागीर फिरकत नाही, मालाची खरी गर्दी दुपारनंतरची. बारावी झालेला पोरगा आला तर त्याला सकाळच्या कॉलेजात घाला, दोनला दुकानात घ्या, माळ्यावरची जागा तशीच राहू द्या आणि त्याच्या पगारातले फार तर दोन हजार कापा, त्याहून जास्त नको.