फोटो चांगला, तरी धंदा मंद का?

ईदचे नवे कपडे घालून सारे घर स्टुडिओत फोटो काढायला जायचे, हे अनेकांना अजून आठवत असेल. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. फोटो हजारो निघतात. पण दादा-दादींसह सगळ्यांचा, भिंतीवर लावावा असा एक फोटो शोधायला गेलो तर सापडत नाही. म्हणजे स्टुडिओची गरज संपलेली नाही. तरीही या धंद्यातले आपले तरुण म्हणतात, "काम चांगले करतो, पण गिऱ्हाईक येत नाही." दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्यात नसून विकण्याच्या पद्धतीत असतो.

गिऱ्हाईक विचारते, "फॅमिली फोटोचे किती घेता?" उत्तर मिळते, "ते साइजवर आहे. आधी या तर खरे!" ज्याला खर्चाचा अंदाज येत नाही, तो येतच नाही.

१८५४ साली पॅरिसच्या आंद्रे दिस्देरी यांनी एकाच काचेवर अनेक लहान फोटो घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आकार ठरलेला, भेटकार्डाएवढा, किंमतही आवाक्यातली. श्रीमंतांची हौस असलेला फोटो त्यामुळे मध्यमवर्गाच्या घरात पोहोचला. आपणही एवढेच करावे. तीनच दर ठेवावेत: एका व्यक्तीचा, नवरा-बायको व मुलांचा आणि साऱ्या खानदानाचा. प्रत्येकात किती फोटो, कोणता आकार, किती दिवसांत मिळणार आणि जादा प्रतीचे किती, हे साध्या मराठीत लिहून दुकानात लावावे. व्हॉट्सअॅपवर कोणी विचारले की तोच कागद पाठवावा.

दर मात्र शेजाऱ्याचा पाहून ठरवू नये. समजा भाडे, वीज, यंत्रांची झीज आणि आपल्या घरखर्चाची रक्कम मिळून महिन्याला ४५,००० रुपये लागतात आणि ६० कुटुंबे येतात. प्रत्येकामागे ७५० रुपये झाले. प्रिंट व फ्रेमचे ४५० धरले तर १,२०० झाले. शेजारी ८०० घेतो म्हणून आपणही तेवढेच घेतले, तर प्रत्येक कुटुंबामागे ४०० रुपये कमी पडतील. मग कितीही राबलो तरी हातात बरकत कशी दिसणार?

दुसरी गोष्ट विश्वासाची. निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ उघडला आणि तो एका इंग्रज महिलेच्या हाती सोपवला. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. पडद्यातल्या स्त्रियांचा संकोच त्यांनी ओळखला आणि त्यावर उपाय काढला. आज घरातली बहीण किंवा पत्नी कॅमेरा शिकली आणि आठवड्यातले काही तास केवळ महिलांसाठी ठेवले, तर ही बातमी मोहल्ल्यात आपोआप पसरेल.

याउलट, न विचारता कोणाच्या मुलीचा फोटो स्टेटसवर टाकला, तर एका दिवसात नाव जाते. गिऱ्हाइकाचा फोटो ही अमानत आहे. "परवानगीशिवाय फोटो कुठेही दाखवला जाणार नाही," असे पावतीवरच छापावे. जाहिरातीसाठी फोटो हवा असेल तर लेखी संमती घ्यावी. नाही म्हणणाऱ्याला पुन्हा गळ घालू नये.

तिसरी गोष्ट, एक वही. तिच्यात नाव, तारीख आणि फोटोचे निमित्त लिहावे. बाळाचा पहिला फोटो काढलेल्या घराला वर्षाने एक आपुलकीचा निरोप पाठवावा. रोज जाहिराती पाठवून कंटाळा आणू नये. गूगल नकाशावर दुकानाची नोंद विनामूल्य होते, तीही करून ठेवावी, म्हणजे नव्या माणसाला पत्ता आणि वेळ विचारत फिरावे लागणार नाही.

आज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी एक कोरा कागद घ्या. त्यावर तीन दर आणि अमानतीचे ते एक वाक्य लिहा. मग तो कागद घरातल्या अम्मीला किंवा खालाला वाचायला द्या. त्यांना एकही प्रश्न पडला नाही, तर उद्या तो दारावर लावा.