रस्सीखेचीचा दोर आणि मुलांचे शिबिर

मुलांच्या निवासी शिबिराकडून पालक आणि आयोजक ज्या मूल्यांची अपेक्षा धरतात, त्यांत सहकार्य बहुधा अग्रभागी असते. मात्र ते व्याख्यानांतून रुजते की शिबिराच्या दिनक्रमातून, याचा पुरेसा विचार आखणीच्या वेळी होतोच असे नाही. या प्रश्नावर विलक्षण प्रकाश टाकणारा अभ्यास १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह या उद्यानात झाला.

समूहात माणूस कसा वागतो याचा अभ्यास करणारे, म्हणजेच समाजमानसशास्त्रज्ञ असलेले, मूळचे तुर्कस्तानचे मुझफ्फर शेरीफ यांनी तेथे सुमारे अकरा वर्षांच्या २२ मुलग्यांचे शिबिर भरवले. मुलांचे दोन गट होते आणि पहिल्या आठवड्यात एका गटाला दुसऱ्याचा पत्ताही नव्हता. पुढे बेसबॉल, रस्सीखेच, तंबू उभारणे अशा स्पर्धा लावल्या गेल्या, बक्षिसे केवळ विजेत्या गटाला मिळणार होती, आणि थोड्याच दिवसांत परस्परांचे झेंडे जाळण्यापर्यंत व निवासांवर धाडी घालण्यापर्यंत मजल गेली. ही मुले स्थिर घरांतून मुद्दाम निवडलेली होती. वैर त्यांच्या स्वभावात नव्हते, ते शिबिराच्या रचनेतून आले.

दोन्ही गटांना नुसते एकत्र जेवायला बसवले, तेव्हा सलोखा तर झाला नाहीच, उलट अन्नाची फेकाफेक झाली. बदल सुरू झाला तो पाणीपुरवठा बंद पडला तेव्हा, आणि जेवण आणण्यासाठी निघायचा ट्रक सुरू होईना तेव्हा. हे पेच संशोधकांनीच घडवून आणले होते. ट्रकला दोर बांधून सर्वांनी मिळून तो ओढला, आणि तो दोर रस्सीखेचीचाच होता. दोन्ही गटांना हवे असलेले, पण एकट्याला न साधणारे असे जे उद्दिष्ट, त्याला मराठीत ‘सर्वोपरी उद्दिष्ट’ म्हणता येईल. एका प्रसंगाने मने वळली नाहीत, असे प्रसंग वारंवार यावे लागले. परंतु परतीच्या वाटेवर एका गटाने बक्षिसाचे पाच डॉलर दोन्ही गटांच्या पेयांवर खर्च केले.

आपल्यावर प्रयोग चालला आहे हे मुलांना ठाऊक नव्हते, आणि ही फसवणूक समर्थनीय नाही. आदल्या वर्षी न्यूयॉर्क राज्यातील मिडल ग्रोव्ह येथे शेरीफ यांचा असाच प्रयत्न फसला होता, कारण तेथे मुलांची आधी मैत्री जुळली होती आणि गट पाडल्यावरही ती एकमेकांचे वैरी होईनात. संशोधकाचे हे अपयश शिबिर चालवणाऱ्यांना मोलाचे वाटावे असे आहे.

मैत्रीला आधी वाव देणारी शिबिरेही आहेत. मानसशास्त्रज्ञ डोरिस अ‍ॅलन यांनी १९५१ मध्ये ओहायो राज्यात सुरू केलेल्या, आज ‘सीआयएसव्ही’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बालग्रामांत निरनिराळ्या देशांतील अकरा वर्षांची मुले सुमारे चार आठवडे एकत्र राहतात; प्रत्येक देशाचे दोन मुलगे, दोन मुली आणि एक प्रौढ. घरापासून दूर राहता येईल इतके मोठे, पण पूर्वग्रह घट्ट व्हायचे आहेत इतके लहान, म्हणून हे वय निवडले गेले.

महाराष्ट्रात मे महिन्यात भरणाऱ्या अनेक शिबिरांत मात्र पहिल्याच दिवशी गट पाडून फळ्यावर गुण मांडले जातात. चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी तरुणांसाठी असली, तरी श्रमाला मध्यभागी ठेवण्याची तिची रीत मुलांच्या शिबिरालाही पेलणारी आहे. वाढप, ताटे घासणे, पाणी भरणे ही कामे पगारी माणसांकडे सोपवण्याऐवजी मुलांच्या मिसळलेल्या तुकड्यांकडे द्यावीत, तुकड्या दर दोन दिवसांनी बदलाव्यात, आणि एखाद्या दिवशी पोळ्यांना उशीर झाला तरी ताईदादांनी लगेच पुढे होऊ नये.