नाच्या (तमाशा)

नाच्या हे मराठी तमाशातील एक पारंपरिक पुरुष पात्र आहे. स्त्रीवेशात किंवा स्त्रीसुलभ हावभाव करून नाचणारा, लाडिक बोलून हशा पिकविणारा कलावंत या नावाने ओळखला जातो. ढोलकीवाला, सोंगाड्या आणि सुरते यांच्याप्रमाणेच तो फडाचा एक घटक असतो.

उगम

पेशवाईच्या उत्तरकाळात तमाशा भरभराटीस आला, तेव्हा रंगमंचावर स्त्रिया नसत. लावणीवर नाचण्याचे व गौळणीत स्त्री साकारण्याचे काम कोवळ्या वयाची मुले करीत. त्यांना ‘नाच्या पोऱ्या’ म्हणत. लुगडे, दागिने आणि पायांत चाळ असा त्यांचा साज असे.

स्त्री कलावंतांचे आगमन

संगमनेर परिसरातील हिवरगावच्या पवळाबाई या तमाशाच्या फडावर उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्री कलावंतांपैकी एक मानल्या जातात. शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या फडात त्या विशेष गाजल्या. पुढे फडांत स्त्रियांची संख्या वाढली. त्यामुळे नाच्याचे मूळ काम संपले, पण पात्र टिकले. शृंगाराची जागा विनोदाने घेतली आणि नाच्या हा नर्तकीचा सोबती झाला. गौळणीतील ‘मावशी’ ही पुरुषाने साकारलेली विनोदी भूमिकाही याच परंपरेशी जोडलेली आहे.

सामाजिक स्थान

स्त्रीभूमिका करणाऱ्या सर्वच पुरुषांना समाजाने सारखी वागणूक दिली नाही. संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिकांनी अजरामर झालेले बालगंधर्व (१८८८–१९६७) यांना १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. तमाशातील नाच्या मात्र बहुधा दलित व भटक्या समाजांतून आलेला असे. त्याच्या वाट्याला टाळ्यांबरोबर कुचेष्टाही आली. ‘नाच्या’ हा शब्द पुरुषाला हिणविण्यासाठी बोलीभाषेत रूढ झाला, यावरून ही अवहेलना ध्यानात येते.

चित्रपटांत

कोल्हापूरचे अभिनेते गणपत पाटील (निधन २००८) यांनी मराठी तमाशापटांत नाच्याची भूमिका लोकप्रिय केली. या भूमिकेचा ठसा इतका खोल उमटला, की प्रत्यक्षात कुटुंबवत्सल असलेल्या पाटील यांना अनेक प्रेक्षक खऱ्या आयुष्यातही तसेच समजत. त्यांना अन्य प्रकारच्या भूमिका क्वचितच मिळाल्या.

आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ या कादंबरीचा नायक गुणा हा पिळदार शरीराचा मजूर आहे. राजाची भूमिका करण्याचे त्याचे स्वप्न असते. परंतु फड उभा राहावा म्हणून तो नाच्या होतो. त्याला उपहास, अत्याचार आणि घरच्यांचा दुरावा सोसावा लागतो. रवी जाधव दिग्दर्शित त्याच नावाचा चित्रपट १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला. त्यात अतुल कुलकर्णी यांनी गुणाची भूमिका केली आहे.

बॉलरूम संस्कृतीशी तुलना

न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय व लॅटिनो समलिंगी आणि ट्रान्सजेंडर समाजाने विसाव्या शतकात ‘बॉलरूम’ ही स्पर्धात्मक नृत्य-वेशभूषेची संस्कृती घडविली. ‘व्होगिंग’ हा नृत्यप्रकार तिच्यातूनच उदयास आला. ‘पॅरिस इज बर्निंग’ (१९९०) हा माहितीपट आणि ‘माय हाउस’ (२०१८) ही माहितीपर दूरचित्रवाणी मालिका याच विषयावर आहेत. बॉलरूममधील ‘हाउस’ म्हणजे घराने नाकारलेल्यांनी निवडलेले दुसरे कुटुंब. त्यातील वडीलधाऱ्यांना ‘मदर’ किंवा ‘फादर’ म्हणतात.

दोन्हीकडे लिंगभावाचे सादरीकरण असले, तरी त्यांत मूलभूत फरक आहे. बॉलरूममधील कलावंत समाजाने दडपलेली स्वतःची ओळख मंचावर आणतो. नाच्या ही परंपरेने ठरवून दिलेली भूमिका आहे. ती करणाऱ्याची लैंगिक ओळख कोणतीही असू शकते. तिथल्या ‘रिअलनेस’ या स्पर्धाप्रकारात चारचौघांत सहज मिसळून जाण्याचे कौशल्य पाहिले जाते. नाच्याकडून मात्र अतिशयोक्तीची अपेक्षा असते. भूमिका आणि व्यक्ती यांतील हा भेद प्रेक्षकांनी अनेकदा पाळला नाही, आणि त्याची किंमत मंचावरून उतरल्यावरही कलावंताला मोजावी लागली.